गावाच्या निर्णयात मुलामुलींचे म्हणणे : बालसभेपासून ग्रामसभेच्या ठरावापर्यंत

शाळेसाठी येणाऱ्या एसटीची वेळ, नळाला पाणी सोडण्याची वेळ, खेळाच्या मोकळ्या जागेवर सभागृह बांधायचे की नाही, सातवीनंतर मुलीला बाहेरगावी शिकायला पाठवायचे की नाही, हे सगळे निर्णय मोठी माणसे घेतात आणि त्यांचे परिणाम मुख्यतः मुलामुलींना भोगावे लागतात. त्यांना विचारले पाहिजे, असे म्हटले तर विदर्भातल्या गावात उघडपणे कोणी नाही म्हणत नाही. बालदिनाला एखाद्या हुशार मुलीकडून भाषण करवून घेतले जाते, टाळ्या वाजतात आणि विषय तिथेच संपतो. बोलायला मिळणे ही अर्धीच गोष्ट आहे, असे माझे ठाम मत आहे. मुलांनी मांडलेल्या विषयावर काय ठरले आणि ते का ठरले, हे लेखी स्वरूपात त्यांच्याकडे परत आले, तरच त्यांचा सहभाग झाला असे म्हणता येईल. तिथपर्यंत कसे पोहोचायचे, हे बारा ते वीस वर्षांच्या मुलामुलींसाठी आणि त्यांच्या पाठीशी उभे राहू इच्छिणाऱ्या शिक्षक, अंगणवाडी सेविका, ग्रामपंचायत सदस्य व बचत गटांच्या महिलांसाठी येथे क्रमाने मांडले आहे.

हक्काला आधार काय आहे

संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने 20 नोव्हेंबर 1989 रोजी बालहक्क संहिता स्वीकारली आणि भारताने 11 डिसेंबर 1992 रोजी तिला मान्यता दिली. या संहितेत अठरा वर्षांखालील प्रत्येक व्यक्ती बालक आहे. तिचे कलम 12 असे सांगते की, स्वतःचे मत बनवू शकणाऱ्या प्रत्येक बालकाला त्याच्याशी संबंधित सर्व बाबतींत ते मत मोकळेपणाने मांडण्याचा हक्क आहे आणि त्याचे वय व समज पाहून त्या मताला योग्य वजन दिले गेले पाहिजे. मान्यता देताना भारताने वेगळे निवेदन केले ते बालमजुरीविषयीच्या कलम 32 बाबत. कलम 12 बाबत कोणतीही सवलत मागितली नाही. आपल्या देशाच्या कायद्यातही हे तत्त्व आले आहे. बाल न्याय अधिनियम 2015 च्या कलम 3 मध्ये सहभागाचे तत्त्व स्वतंत्रपणे नमूद आहे. शिक्षण हक्क कायदा 2009 ने शाळा व्यवस्थापन समिती बंधनकारक केली. बालसंरक्षण योजनेत सरपंचांच्या अध्यक्षतेखालील ग्राम बाल संरक्षण समितीवर दोन बालप्रतिनिधी असणे अपेक्षित आहे. आपल्या गावात ही समिती कागदावर तरी आहे का आणि तिच्यावर कोणत्या दोन मुलांची नावे आहेत, एवढा एक प्रश्न ग्रामपंचायतीत विचारला तरी कामाला सुरुवात होते.

कलम 12 चा अर्थ उलगडताना अभ्यासक लॉरा लंडी यांनी 2007 साली चार गोष्टी वेगळ्या करून दाखवल्या: बोलण्यासाठी जागा, बोलण्याला मदत, ऐकणारा अधिकारी माणूस आणि ऐकल्याचा परिणाम. आपल्याकडे पहिल्या दोन मिळतात. शेवटच्या दोन मिळवण्यासाठी खटपट करावी लागते.

विषय एकच घ्या आणि निर्णय कोणाच्या हातात आहे ते आधी शोधा

पहिल्या वेळी दहा मागण्यांची यादी करू नये. दहा मागण्यांना 'बघू' हे एकच उत्तर मिळते. एका मागणीला मात्र हो किंवा नाही म्हणावे लागते. विषय निवडताना मुलांनी त्या निर्णयाचा माग काढावा. शाळेच्या स्वच्छतागृहात पाणी नसेल तर ग्रामपंचायत ते सोडवू शकते, कारण पाणी आणि स्वच्छता हे तिचेच काम आहे. पंधराव्या वित्त आयोगाच्या 2021 ते 2026 या काळातील अनुदानाचा 60 टक्के हिस्सा तर याच कामांसाठी बांधलेला होता. शिक्षकाची जागा रिकामी असेल तर ती भरणे ग्रामपंचायतीच्या हातात नाही, तो जिल्हा परिषदेच्या शिक्षण विभागाचा विषय आहे. एसटीची वेळ आगार व्यवस्थापक ठरवतात आणि त्यांच्या वर विभाग नियंत्रक असतात. अशा वेळी ग्रामसभेचा ठराव निर्णय म्हणून नव्हे तर शिफारस म्हणून उपयोगी पडतो, आणि वीस मुलांच्या सह्यांच्या अर्जापेक्षा त्याचे वजन अर्थातच जास्त असते.

पुढच्या सर्व टप्प्यांसाठी आपण एसटीचेच उदाहरण घेऊ, कारण विदर्भात तो अनेक मुलींच्या शिक्षणाचा प्रश्न आहे. अहिल्याबाई होळकर योजनेत मुलींना मोफत पास मिळतो, मानव विकास कार्यक्रमाच्या निळ्या बसगाड्याही मागास तालुक्यांत धावतात. तरीही शाळा पाचला सुटत असेल आणि परतीची गाडी साडेचारलाच जात असेल, तर पास हातात असूनही मुलगी शेवटचा तास सोडते किंवा अंधारात पायी येते. असे काही महिने चालले की घरात 'राहू दे शाळा' हा विषय निघतो.

बालसभा घेताना

बालसभेची, म्हणजे गावातल्या मुलामुलींच्या स्वतःच्या बैठकीची, वेळ शेतीच्या कामांकडे पाहून ठरवावी. विदर्भातल्या शाळा जूनच्या अखेरीस उघडतात, जुलैच्या मध्यापर्यंत पेरण्या उरकतात, आणि सप्टेंबरच्या शेवटी सोयाबीनची सोंगणी व दिवाळीच्या आसपास कापसाची वेचणी सुरू झाली की मोठी मुलेमुली वावरातच असतात. म्हणून जुलैच्या उत्तरार्धात बालसभा घेऊन विषय 15 ऑगस्टच्या ग्रामसभेपर्यंत नेणे सोयीचे जाते. 2 ऑक्टोबरच्या ग्रामसभेसाठीही हेच काम उपयोगी पडते, कारण त्या सुमारास 'आमचं गाव, आमचा विकास' या उपक्रमाखाली पुढच्या वर्षाचा ग्रामपंचायत विकास आराखडा करण्याची प्रक्रिया सुरू होते आणि त्या आराखड्याच्या नऊ संकल्पनांपैकी एक बालस्नेही गाव ही आहे. जिथे शनिवारी सकाळची शाळा असते, तिथे शाळा सुटल्यानंतरचा दीड तास बालसभेसाठी चांगला.

कोण आले आहे, यापेक्षा कोण आलेले नाही हे आधी पाहावे. शाळेच्या पटावरची मुले सहज जमतात. गुरे राखणारा मुलगा, धाकट्या भावंडांना सांभाळायला घरी राहिलेली मुलगी, मिरची तोडायला तेलंगणात जाऊन परतलेल्या कुटुंबातली पोरे, दिव्यांग मुले मात्र येत नाहीत. यवतमाळकडे कोलामांचे पोड, मेळघाटातला ढाणा, पारधी समाजाचा बेडा हे मूळ गावापासून दूर असतात आणि तिथली मुले गावातल्या बैठकीला आली तरी तोंड उघडत नाहीत. त्यांच्याकडे आपणच जाऊन, त्यांच्याच वस्तीत, कोरकू, गोंडी किंवा कोलामी जाणणारा एखादा मोठा मुलगा सोबत घेऊन वेगळी छोटी बैठक घेतली पाहिजे. हे काम कष्टाचे आहे, पण ते टाळले तर 'गावातल्या मुलांचे म्हणणे' हे शब्द लिहिण्याचा अधिकार आपल्याला उरत नाही.

बैठक सुरू झाल्यावर लगेच 'तुमच्या समस्या सांगा' असे म्हणू नये. त्यावर मुले पुस्तकातली उत्तरे देतात. त्यापेक्षा शाळेच्या पटांगणात रांगोळीने किंवा चुन्याने गावाचा नकाशा काढायला सांगावा. नदी, मारुतीचे देऊळ, पाण्याची टाकी, एसटी थांबा हे पटापट उमटते. मग मुलींचा आणि मुलांचा गट वेगळा करून प्रत्येकाला थोडे खडे द्यावेत आणि जिथे जायला भीती वाटते किंवा अडचण होते, तिथे एक खडा ठेवायला सांगावे. मुलांचे खडे गावभर विखुरतात. मुलींचे खडे शेवटच्या घरापासून थांब्यापर्यंतच्या त्या एकाच पट्ट्यावर येऊन साचतात, जिथला खांबावरचा दिवा बंद आहे आणि संध्याकाळी पिऊन बसलेली माणसे असतात. कोणीही एक शब्द न बोलता तो प्रश्न सगळ्यांसमोर येतो, आणि एसटीचा विषय केवळ वेळापत्रकाचा नाही हेही तिथेच कळते.

पहिल्या बैठकीत फक्त ऐकावे आणि आठवड्याने दुसरी बैठक घेऊन विषय ठरवावा. मधल्या काळात मुले घरी, मैत्रिणींशी बोलतात आणि त्यांचे मत पक्के होते किंवा बदलते. दोन्ही चांगलेच आहे. विषय निवडताना हात वर करायला सांगितले तर लहान मुले मोठ्यांकडे पाहून हात वर करतात, म्हणून चिठ्ठ्या घ्याव्यात. बैठकीचे टिपण मुलांनीच लिहावे: तारीख, जागा, मुली किती, मुले किती, कोणते विषय निघाले, कोणता निवडला आणि बाकीचे का मागे ठेवले. शिक्षकांनी किंवा कार्यकर्त्यांनी त्या टिपणाचे शुद्धलेखन सुधारावे, आशय सुधारू नये.

एक गोष्ट फार जपावी लागते. नकाशासमोर बोलता बोलता एखादी मुलगी किंवा मुलगा स्वतःवर झालेल्या मारहाणीबद्दल किंवा लैंगिक त्रासाबद्दल सांगू लागला, तर तो विषय सभेत पुढे नेऊ नये. त्या बालकाशी बाजूला, शांतपणे, त्याचा विश्वास असलेल्या व्यक्तीसमोर बोलावे आणि 1098 या बालसाहाय्य क्रमांकावर कळवावे. लैंगिक अत्याचाराची माहिती मिळालेल्या व्यक्तीने ती पोलिसांना कळवणे 2012 च्या पोक्सो कायद्याने बंधनकारक आहे, म्हणून 'मी कोणाला सांगणार नाही' असे वचन आधी देऊ नये. बालसभेत कोण काय बोलले याचे फोटो आणि चित्रफिती गावाच्या व्हॉट्सअॅप गटावर टाकू नयेत, हे वेगळे सांगायला नको.

अर्ज

महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियमानुसार ग्रामसभेची सूचना सात दिवस आधी द्यावी लागते आणि त्या सूचनेसोबत विषयपत्रिका निघते. ऐनवेळच्या विषयांत आपला विषय ढकलला गेला तर लोक उठून जाऊ लागलेले असतात. म्हणून अर्ज किमान पंधरा दिवस आधी द्यावा. मजकूर असा असू शकतो:

प्रति, मा. सरपंच व ग्रामपंचायत अधिकारी, ग्रामपंचायत ________.
विषय : येत्या ग्रामसभेच्या विषयपत्रिकेत बालसभेचा विषय घेण्याबाबत.
महोदय / महोदया, दि. ________ रोजी ________ येथे झालेल्या बालसभेत ____ मुली व ____ मुले उपस्थित होती. आमची शाळा सायंकाळी 5 वाजता सुटते आणि परतीची एसटी 4.30 वाजता निघते. त्यामुळे आम्हाला शेवटचा तास सोडावा लागतो किंवा अंधारात पायी यावे लागते. ही फेरी 5.15 वाजता सोडावी, अशी शिफारस ग्रामसभेने आगार व्यवस्थापकांकडे करावी आणि थांब्याजवळच्या खांबावरील दिवा ग्रामपंचायतीने सुरू करावा, अशी आमची विनंती आहे. हा विषय मांडण्यासाठी बालसभेच्या दोन प्रतिनिधींना ग्रामसभेत पाच मिनिटे बोलू द्यावे. जो निर्णय होईल तो कारणासह आम्हाला लेखी कळवावा. सोबत : बालसभेचे टिपण.

यातले शेवटून दुसरे वाक्य कधीही गाळू नये. सगळ्या अर्जाचा जीव त्यात आहे. अर्जाच्या दोन प्रती न्याव्यात, एक ग्रामपंचायतीत द्यावी आणि दुसरीवर आवक क्रमांक, तारीख व शिक्का घेऊन ती पोच म्हणून जपून ठेवावी. अर्ज मुलांनीच नेऊन द्यावा, सोबत एक मोठी व्यक्ती असावी. पण बोलायचे मुलांनी.

ग्रामसभेच्या दिवशी

ग्रामसभेचे सदस्य म्हणजे मतदार यादीत नाव असलेले लोक. अठरा वर्षांखालील मुलांना तिथे मत देता येत नाही आणि ठरावाचा सूचक किंवा अनुमोदकही होता येत नाही. म्हणून सूचक आणि अनुमोदक आधीच ठरवून ठेवावे लागतात. ही जबाबदारी शक्यतो पुढाऱ्याला देऊ नये, कारण मग विषयाला गटाचा रंग चढतो आणि दुसरा गट केवळ त्या कारणाने विरोध करतो. बचत गटातली एखादी आई सूचक आणि विरुद्ध आळीतला एखादा कास्तकार अनुमोदक, अशी जोडी मला सर्वांत भरवशाची वाटते.

याहूनही सोपी वाट एक आहे. नियमित ग्रामसभेआधी महिलांची सभा घ्यायची असते. मुलींशी संबंधित विषय आधी तिथे मांडावा. मुली तिथे मोकळेपणाने बोलतात, आया त्यांच्या बाजूने उभ्या राहतात आणि महिला सभेने उचलून धरलेला विषय दुसऱ्या दिवशी ग्रामसभेत सहजासहजी बाजूला सारता येत नाही.

गणपूर्तीसाठी एकूण मतदारांच्या 15 टक्के किंवा 100 यांपैकी जी संख्या कमी असेल तेवढे मतदार लागतात. ती झाली नाही तर सभा तहकूब होते आणि तहकूब सभेला गणपूर्तीची अट नसते. त्यामुळे नवी तारीख त्याच दिवशी विचारून घ्यावी, नाहीतर मुलांना न कळताच सभा उरकलेली असते. प्रतिनिधी म्हणून एक मुलगी आणि एक मुलगा पाठवावेत, त्यांनी पाठ केलेले भाषण करू नये. तीन गोष्टी सांगाव्यात: काय घडते, किती जणांना त्याचा त्रास होतो, काय केल्याने तो थांबेल. कोणी 'तुम्ही लहान आहात, तुम्हाला काय कळते' असे म्हणालेच, तर त्याचे उत्तर मुलांनी देण्याऐवजी सभाध्यक्षांनी देणे योग्य; त्याची कल्पना सरपंचांना आधी भेटून देऊन ठेवावी.

गडचिरोली जिल्ह्याच्या मोठ्या भागात तसेच चंद्रपूर, यवतमाळ आणि अमरावतीच्या काही भागांत पेसा कायदा, म्हणजे आदिवासी अनुसूचित क्षेत्रांतल्या ग्रामसभांना विशेष अधिकार देणारा कायदा, लागू आहे. तिथे पाड्याची किंवा टोल्याची स्वतंत्र ग्रामसभा असू शकते, ती मुलांना जवळची आणि परिचित वाटते. धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) गावाने निर्णय बहुमताने नव्हे तर सर्वसहमतीने घेण्याची रीत घालून दिली आहे. अशी रीत असलेल्या गावात सूचक शोधण्यापेक्षा ज्यांची हरकत असेल त्यांच्या घरी आधी जाऊन बोलणे महत्त्वाचे ठरते.

ठराव झाला, पुढे काय

बहुतेक प्रयत्न इथे विरतात. सभेत सगळे हो म्हणतात, मुले आनंदाने घरी जातात आणि इतिवृत्तात विषयाचा उल्लेखच नसतो. काही ठिकाणी तर कोऱ्या पानावर सह्या घेऊन मजकूर मागाहून भरला जातो. म्हणून सभा संपण्यापूर्वी ठराव मोठ्याने वाचून दाखवण्याची मागणी सूचकाने करावी आणि ठराव क्रमांक मुलांनी आपल्या वहीत टिपून घ्यावा. आठ दिवसांनी ठरावाची प्रत मागावी. ती मिळाली नाही तर सूचक किंवा पालकांपैकी कोणी माहिती अधिकार कायदा 2005 खाली अर्ज करावा. शुल्क 10 रुपये, दारिद्र्यरेषेखालील कुटुंबाला तेही नाही, आणि माहिती 30 दिवसांत देणे बंधनकारक आहे.

प्रत हाती आली की ती जोडून आगार व्यवस्थापकांना पत्र द्यावे, शाळेच्या मुख्याध्यापकांचे शाळेच्या वेळेबाबतचे पत्रही सोबत लावावे आणि पोच घ्यावी. महिनाभर उत्तर नाही आले तर त्याच कागदांसह विभाग नियंत्रकांकडे जावे. ग्रामपंचायतीच्याच हातातले काम रेंगाळले असेल, जसा तो खांबावरचा दिवा, तर पंचायत समितीच्या गटविकास अधिकाऱ्यांना लिहावे. पैशाचे कारण सांगितले गेले तर एक आठवण करून द्यावी, की ग्रामपंचायतीने स्वतःच्या उत्पन्नातील 10 टक्के रक्कम महिला व बालकल्याणासाठी खर्च करायची असते. मागच्या वर्षी ती कशावर खर्च झाली, हे ग्रामसभेत विचारता येते.

उत्तर 'नाही' असेही येऊ शकते. समजा आगाराने कळवले, की गाडी एकच आहे आणि तिला सहापूर्वी दुसऱ्या गावी पोहोचायचे असते. असे कारण लेखी आले तर तो हक्काचा पराभव मानू नये. पुन्हा बालसभा बोलवावी, ते पत्र वाचून दाखवावे आणि शाळेची वेळ पाऊण तास अलीकडे घेता येईल का, यावर मुलांनी विचार करावा. मग विषय शाळा व्यवस्थापन समितीकडे वळतो. मात्र कारण न देता आलेले 'नाही' स्वीकारू नये.

शाळेतले विषय

शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक आणि निम्म्या महिला असाव्यात, असे कायदा सांगतो. समितीवर विद्यार्थी प्रतिनिधी असतील तर ते वर्गाने निवडलेले असावेत, गुरुजींनी नेमलेले नव्हे. मीना-राजू मंच हा शाळेतला मुलामुलींचा गट किंवा शालेय मंत्रिमंडळ जिथे आहे, तिथे त्याच्या बैठकीचे टिपण समितीच्या पुढच्या बैठकीत वाचले जावे, एवढी एक सवय लावून घेतली तरी पुष्कळ फरक पडतो. शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ यांना शिक्षण हक्क कायद्याच्या कलम 17 ने मनाई केली आहे. या कायद्याखालील हक्काबाबत लेखी तक्रार आली तर स्थानिक प्राधिकरणाने तीन महिन्यांत निर्णय द्यायचा असतो, त्यावर राज्य बालहक्क संरक्षण आयोगाकडे दाद मागता येते. आश्रमशाळेत राहणाऱ्या मुलांची गोष्ट वेगळी. जेवण, पाणी, रात्रीची सुरक्षितता हे त्यांचे प्रश्न गावच्या ग्रामसभेत सुटत नाहीत, त्यासाठी आदिवासी विकास विभागाच्या प्रकल्प अधिकाऱ्यांकडे लेखी जावे लागते.

घरातले निर्णय

सर्वांत अवघड निर्णय घराच्या चार भिंतींत होतात. मुलीचे लग्न अठराच्या आत आणि मुलाचे एकविसाच्या आत लावणे 2006 च्या बालविवाह प्रतिबंध कायद्याने गुन्हा आहे, आणि गावात तो रोखण्याची जबाबदारी ग्रामसेवकांवर, म्हणजे आता ज्यांना ग्रामपंचायत अधिकारी म्हणतात त्यांच्यावर, आहे. लग्न ठरत असल्याचे कळल्यावर मुलीने स्वतः किंवा तिच्या मैत्रिणीने 1098 वर सांगितले तरी चालते. असे लग्न झालेच, तर लग्नाच्या वेळी बालक असलेल्या व्यक्तीला ते रद्द ठरवून मागता येते. त्यासाठी सज्ञान झाल्यापासून दोन वर्षांपर्यंत अर्ज करता येतो. आईवडील वेगळे झाले आणि मुलाचा ताबा कोणाकडे हा प्रश्न न्यायालयात गेला, तर 1890 च्या पालक व पाल्य अधिनियमानुसार समजदार मुलाची पसंती न्यायालय विचारात घेऊ शकते. पण बहुतेक घरांत प्रश्न कायद्यापर्यंत जात नाही. दहावीनंतर कोणती शाखा, वसतिगृहात राहायचे की नाही, कापसाच्या हंगामात शाळा बुडवायची की नाही, एवढाच असतो. तिथे ज्याचे घरात ऐकले जाते असा माणूस, आजी, मामा किंवा वर्गशिक्षिका, यांच्याशी मुलाने आधी बोलावे आणि त्यांच्या उपस्थितीत आईवडिलांपुढे आपले म्हणणे मांडावे.

सतरा पूर्ण झाल्यावर

सतरा वर्षे पूर्ण झालेल्यांना मतदार नोंदणीचा नमुना 6 आगाऊ भरता येतो. 1 जानेवारी, 1 एप्रिल, 1 जुलै आणि 1 ऑक्टोबर या चार तारखांपैकी ज्या तारखेला अठरा पूर्ण झालेले असतील, त्या तारखेच्या आधारे नाव यादीत येते. शिक्षणासाठी नागपूर, अमरावती किंवा पुण्याला गेलेल्यांना गावच्या पत्त्यावर नाव ठेवता येते, आणि गावाशी नाते ठेवायचे असेल तर त्यांनी ते तसेच ठेवावे. पंचायतीची निवडणूक लढवायला एकवीस वर्षे लागतात. ग्रामसभेत मात्र अठराव्या वर्षी मत देता येते. बालसभेचे टिपण लिहिणाऱ्या मुलीचे नाव यादीत आले, की धाकट्यांच्या पुढच्या विषयाला सूचक म्हणून तीच उभी राहू शकते. तोपर्यंत टिपणांची वही, पोच घेतलेले अर्ज आणि ठरावांच्या प्रती असलेली फाईल तिने आठवी-नववीतल्या कोणाकडे तरी सोपवून, कोणता कागद कशासाठी आहे ते समजावून दिलेले असावे.